एका गावाचा खरा वारसा

कोणत्याही गावाची थोरवी सांगावयाची झाल्यास आपण प्रथम तेथील किल्ल्याकडे वा देवालयाकडे बोट दाखवितो. फ्रान्सच्या ओत-ल्वार जिल्ह्यातील ल शांबों-स्यूर-लीन्यों या लहानशा गावाची कीर्ति अशा कोणत्याही वास्तूवर उभी नाही. तरीही वारसा म्हणजे काय, हे आम्हां विद्यार्थ्यांनी या गावापासून शिकावे, असे आमचे नम्र मत आहे.

सुमारे १,००० मीटर उंचीच्या पठारावर, लीन्यों नदीच्या काठी हे गाव वसले आहे. हिवाळ्यात येथे बर्फ साचते आणि 'बुर्ल' नावाचा बोचरा वारा वाहतो. शेतकऱ्यांची दगडी घरे दूरदूर विखुरलेली आहेत. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंट पंथ बेकायदा ठरविला, तेव्हा येथील लोकांच्या पूर्वजांनी लपूनछपून आपली उपासना चालू ठेवली. छळ म्हणजे काय, हे त्यांस पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या भीतीने ज्यू लोक या पठारावर आले, तेव्हा दारे उघडली गेली. आंद्रे त्रोक्मे व एदुआर तेइस या धर्मोपदेशकांनी १९३८ साली येथे शाळा काढली होती. १० ऑगस्ट १९४२ रोजी विशी सरकारचे एक बडे अधिकारी गावी आले असता शाळेच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती पत्र दिले. आमच्यात ज्यू मुले आहेत, आम्ही भेद मानीत नाही व त्यांस धरून नेण्याचा हुकूम आल्यास तो पाळणार नाही, असा त्याचा आशय होता. ही मुले आमच्याच वयाची होती!

कोणी म्हणेल, सरकारी हुकूम मोडणे व खोटी ओळखपत्रे करणे हा गुन्हाच नव्हे काय? आम्हीही शिस्तीचे महत्त्व जाणतो. परंतु निरपराध बालकांस मृत्यूच्या हवाली करण्यास सांगणारा कायदा पाळणे, ही शिस्त नव्हे. ती भीरुता होय. शिवाय या माणसांनी आपल्या कृतीची किंमत स्वतः मोजली. २९ जून १९४३ रोजी एका वसतिगृहावर धाड पडली. निसटण्याची संधी असूनही तेथील प्रमुख दानिएल त्रोक्मे विद्यार्थ्यांस सोडून गेले नाहीत. १९४४ साली मायदानेकच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला.

ती शाळा २०१४ साली बंद पडली. इमारती टिकतातच असे नाही. मात्र १९९० साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने या गावाचा व शेजारच्या खेड्यांचा जो गौरव केला, तो इमारतींचा नव्हता. तो माणसांच्या आचरणाचा होता.

आपल्या गावचा इतिहास लिहिताना आपण बुरूज जरूर मोजावेत. पण संकटात सापडलेल्या परक्यास येथे कोणी दार उघडले होते काय, हेही वडीलधाऱ्यांस विचारावे. आणि उत्तर समाधानकारक न मिळाल्यास तो वारसा निर्माण करण्याचे काम आपलेच आहे, असे समजावे.