निरोगी कोण, हे आधी ठरवा

लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा पाहून रुग्ण निर्धास्त होतो किंवा घाबरतो. ही मर्यादा पुष्कळदा तपासणीच्या किटसोबत आलेली असते आणि ती ज्यांच्या रक्तावरून ठरली ते लोक आपल्यासारखे असतीलच असे नाही. चरबी वाहून नेणाऱ्या अ‍ॅपो-बी आणि अ‍ॅपो ए-१ या प्रथिनांच्या बाबतीत ही उणीव अधिक बोचते. धमनीत साचू शकणाऱ्या प्रत्येक कणावर अ‍ॅपो-बीचा एकच रेणू असतो, त्यामुळे त्याच्या मोजणीतून कणांची संख्या कळते. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असेल, तर एलडीएल कोलेस्टेरॉल बेताचे दिसूनही कण जास्त असू शकतात, आणि भारतीयांमध्ये नेमका हाच प्रकार सर्रास आढळतो. 52 देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासानेही 2004 मध्ये या दोन प्रथिनांचे गुणोत्तर हृदयविकाराच्या झटक्याशी घट्ट जोडलेले असल्याचे दाखवले. म्हणून या तपासण्यांच्या मर्यादा आपल्या लोकांवरून ठरवायला हव्यात, आणि त्याची सुरुवात छत्तीसगढमधील भिलाईत व्हावी.

1955 च्या सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यामुळे इथे छत्तीसगढी माणसांच्या शेजारी मराठी, तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी कुटुंबे वसली. या कामासाठी सेक्टर 9 मध्ये जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. शास्त्रीय पद्धतीनुसार प्रत्येक गटात किमान 120 निरोगी व्यक्ती घेऊन मधल्या 95 टक्क्यांची मर्यादा काढतात; स्त्रिया आणि पुरुष वेगळे धरले तरी हे काम आवाक्याबाहेरचे नाही. मात्र फक्त कारखान्यातील कामगार निवडले तर चित्र एकांगी होईल. गृहिणी आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकरीही त्यात हवेत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्रासह तीन राज्ये आणि चंडीगडमधील आयसीएमआर-इंडियाब या मधुमेह सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे 72 टक्के प्रौढांचे एचडीएल कमी निघाले. असा समाज मापदंड धरला, तर आजारालाच ‘नॉर्मल’चा शिक्का बसेल. म्हणूनच निवडीच्या आधी मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, यकृत-मूत्रपिंडाचे विकार, तंबाखू आणि पोटाचा घेर तपासून माणसे गाळली पाहिजेत. एवढे करूनही स्थानिक मर्यादेवरून उपचार ठरवू नयेत. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांनी 2019 मध्ये अतिजोखमीच्या रुग्णांसाठी अ‍ॅपो-बीचे लक्ष्य 65 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ठेवले. शेजाऱ्यांचे आकडे वाढले म्हणून ते लक्ष्य सैल होत नाही. रिपोर्टवर दोन्ही आकडे छापा: इथल्या निरोगी माणसांची मर्यादा आणि हृदयाला सुरक्षित असलेली पातळी. दोहोंत अंतर दिसले, तर तो प्रश्न एका रुग्णापुरता राहत नाही. शहराच्या ताटाची, तंबाखूची आणि व्यायामाची जबाबदारी घेणाऱ्या सर्वांना त्याचे उत्तर द्यावे लागेल.