डाबला दव गोठतं, पण पाड्यावरचा नळ बंद पडतो तो बर्फानं नाही

थंडीची लाट आली की अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसराचे फोटो मोबाइलवर फिरायला लागतात. गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाडीच्या टपावर पांढरा थर. मागोमाग दुसरी चर्चा सुरू होते: सकाळी नळाला पाणी नाही, पाइपात बर्फ झाला असणार. फोटो खरे असतात, पाइपाचं मात्र बहुतेक वेळा खरं नसतं. बर्फाला दोष दिला की योजनेतली खोट तशीच राहते.

हवामान खात्याचं तापमान जमिनीपासून साधारण चार फूट वर, सावलीतल्या पेटीत मोजतात. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर रात्री जमीन, गवत आपली उष्णता भराभर सोडतात. मग हवेत ४ अंश असताना गवताच्या पात्यावर शून्य होतं आणि दव गोठतं. पाइपातलं पाणी इतक्यात गोठत नाही. त्याला शून्याच्या बरंच खाली, तेही काही तास राहावं लागतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून पाइप फुटतो. अमेरिकेच्या उबदार राज्यांत धोक्याची पातळी साधारण उणे ७ अंश धरतात. तिथल्या टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसला पारा उणे १९ पर्यंत गेला, वीज गेली आणि घराघरांत पाइप फुटले. थंडी फारशी पडत नाही म्हणून तिथं पाइप माळ्यावर, बाहेरच्या भिंतीत उघडेच टाकलेले होते.

सातपुड्यात एवढी थंडी पडत नाही. मग सकाळी नळ कोरडा का? पुष्कळ पाड्यांवर सौर पंपाची योजना आहे: बोअर, वर पॅनेल, शेजारी ५ हजार लिटरची टाकी. जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा. पाड्यात २०० माणसं धरली तर ११ हजार लिटर लागतात, म्हणजे टाकी दिवसात दोनदा भरूनही पुरत नाही. हिवाळ्यात दिवस लहान, दरीतल्या पाड्यावर ऊन उशिरा येतं, डोंगराआड लवकर जातं. संध्याकाळी टाकी रिकामी झाली की ऊन चढेपर्यंत पंप गप्प. तोवर बायाबापड्यांनी कडाक्याच्या थंडीत झरा गाठायचा. टाकी मोठी करणं, संध्याकाळी थोडं पाणी राखून ठेवणं, हा त्यावरचा उपाय. पाइपाखाली शेकोटी पेटवण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये, प्लास्टिकचा पाइप वितळून जाईल.

तरीही उघड्या पाइपाकडं दुर्लक्ष चालणार नाही. पाइपावर साधारण तीन फूट माती असावी, असा पाणीपुरवठ्याचा सर्वसाधारण नियम आहे. डोंगरात कातळ लागला की खोदाई थांबते आणि पाइप दगडावर तसाच पडून राहतो. थंडीपेक्षा त्याला उन्हाळ्यातलं ऊन, गुरांचे खूर आणि मार्चनंतरचा वणवा जास्त नडतात. जिथं खोदताच येत नाही तिथं दगड-मातीचा बांध घालून झाकता येतो, किंवा तेवढ्या तुकड्याला लोखंडी पाइप वापरता येतो.

घरापुढच्या नळाची उभी नळी आणि शेतातल्या ठिबकच्या नळ्या बारीक असतात, त्या सगळ्यात आधी गार होतात. डाबसारख्या उंचावर चार-पाच कडक रात्री आल्या तर नळीला पोतं किंवा जुनी गोधडी गुंडाळावी, वरून प्लास्टिक बांधावं. गोधडी ओली झाली तर उपयोग नाही. स्ट्रॉबेरीवाल्यांनी संध्याकाळी ठिबकच्या टोकाची बुचं काढून पाणी सोडून द्यावं. पहाटे नळ अडलाच तर तोटी उघडी ठेवून कोमट पाण्याचं फडकं तोटीकडून मागे फिरवावं. उकळतं पाणी ओतलं की नळी तडकते.

योजना पूर्ण झाली की ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात येते आणि दुरुस्तीही गावाच्याच गळ्यात पडते. म्हणून सही करण्याआधी पाणी समितीनं बोअरपासून शेवटच्या घरापर्यंत पाइपाच्या कडेनं एकदा चालत जावं. कुठं किती पाइप उघडा आहे ते पावलांनी मोजून, फोटोसह ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावं.