फ्रिजमधला चतुर

किड्यांचे मॅक्रो फोटो काढणाऱ्यांत एक युक्ती चालते. किडा पकडायचा, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचा, गारठून हलेनासा झाला की निवांत फोटो काढायचा. वर तो ‘निसर्गातला’ म्हणून स्पर्धेत लावायचा! आमच्या कॉन्व्हेंटी मराठीत याला चीटिंग म्हणतात.

अरे, थंडीच हवी तर ती बाहेर फुकट मिळते. उडायचे स्नायू गरम झाल्याशिवाय चतुराला उडता येत नाही. त्यामुळे पहाटे तो दवाने भिजून गवताच्या काडीला चिकटून बसलेला असतो. पन्नास मिलिमीटरची जुनी मॅन्युअल लेन्स रिव्हर्स रिंगने उलटी लावा, बस्स. एफ-८ ला फोकस जेमतेम मिलिमीटरभर मिळतो आणि उलट्या लेन्सची फोकस रिंग फिरवून फारसा फरक पडत नाही. म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवायचं, श्वास रोखायचा नि अख्खं अंगच केसभर पुढेमागे करायचं. डोळे शार्प दिसले की क्लिक. दहातले आठ फोटो वाया जातात. जाऊ देत, रोल थोडाच संपतोय!

ऊन वर आलं की तो पंख थरथरवून गरम व्हायला लागतो. तेव्हा मुकाट्याने कॅमेरा आवरायचा.