काठावर उतरण्याचे धैर्य

दरवर्षी आषाढ-श्रावणात एक बातमी ठरलेली असते : सहलीला गेलेला महाविद्यालयीन विद्यार्थी धबधब्याखालच्या डोहात बुडाला. चार दिवस हळहळ होते. मग ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत सूचनाफलकावर 'वर्षासहलींस सक्त मनाई' असा कागद लागतो आणि प्रश्न मिटला असे सर्वांना वाटते. एकीकडे 'घाबरलास की काय?' म्हणून मित्राला पाण्यात उतरवणारे आम्ही विद्यार्थी, दुसरीकडे ही मनाई. माझ्या मते, साहस म्हणजे काय हे दोघांनाही नीट उमगलेले नाही.

मला ते थोडेफार कळले, ते एकाच नदीवर गेलेल्या दोन मोहिमांच्या हकिकती वाचून. तिबेटातली त्सांगपो अरुणाचलात सियांग आणि आसामात ब्रह्मपुत्रा होते. त्याआधी ती नामचा बरवा (७,७८२ मीटर) आणि ग्याला पेरी या शिखरांमधल्या घळीतून कोसळत येते. जगातल्या सर्वांत खोल घळींत हिची गणना होते. या पाण्यात कयाक घालायची म्हणजे एकच माणूस कमरेपर्यंत घट्ट बसेल अशी, वरून बंद, निमुळती नाव घालायची. ती उलटली तर डोके पाण्याखाली असतानाच वल्ह्याच्या फटकाऱ्याने सुलटी करावी लागते.

१९९८ च्या ऑक्टोबरात एक अमेरिकन तुकडी तेथे गेली. पावसाळा सरला तरी नदी फुगलेलीच होती. तुकडीतला डग गॉर्डन हा निष्णात नाविक एका प्रपाताखाली उलटला आणि मुख्य प्रवाहात नाहीसा झाला. सोबत्यांनी मोहीम तेथेच संपवली.

२००२ साली स्कॉट लिंडग्रेन याच्या नेतृत्वाखाली सात नाविक त्याच घळीत उतरले. त्यांनी भर हिवाळा निवडला. तेव्हा पाणी सर्वांत कमी असते. भारवाहकांची मोठी तुकडी काठाकाठाने चालत होती. अवघड टप्पा आला की ते काठाला लागत, खडकांवरून चालत जाऊन पाणी न्याहाळत आणि वाट दिसेना तेथे नाव खांद्यावर घेत. घळीचा वरचा भाग त्यांनी असा पार केला. पुढे नदीतून जाणे अशक्य दिसताच नावा पाठीवर बांधून ते बर्फाळ खिंड चढून गेले. खालच्या मोठ्या धबधब्यांवर त्यांनी नावा घातल्याच नाहीत.

कोणी म्हणेल, मग नदी सर कुठे झाली? गड सर करावा, शिखर सर करावे, ही आपली भाषा. नदीला ती लागू पडत नाही. आज वाट देणारे पाणी उद्या देईलच असे नाही. म्हणून पाण्यात उतरण्याइतकाच काठावर उतरण्याचा निर्णयही धैर्याचा असतो, आणि तो घ्यायला पाणी वाचता यावे लागते.

आम्हांला ते कोण शिकवते? आमच्यापैकी बरेचजण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. धबधब्याचे पाणी तळाशी जाते आणि वर येऊन पुन्हा धबधब्याकडेच वळते. फेसात हवा मिसळलेली असल्याने तेथे पट्टीचा पोहणाराही नीट तरंगत नाही. डोहात उडी मारणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असते?

'उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची?' ही प्राध्यापकांची शंका रास्त आहे. पण मनाईने सहल फक्त महाविद्यालयाच्या दप्तरातून जाते. मुले जातातच, मोटारसायकलींवरून, कोणा जाणत्याला सोबत न घेता.

म्हणून जिमखान्याकडे माझी मागणी साधी आहे. जूनमध्ये एक तास पाण्याविषयी बोलावे. फेकायचा दोर कसा वापरतात ते दाखवावे. जमल्यास कोलाडला कुंडलिकेवर एक दिवस न्यावे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर तेथे जाकीट-शिरस्त्राण घालून, वाटाड्यासह तराफे हाकतात. आणि आम्ही विद्यार्थ्यांनीही एक ठरवावे : 'मी येत नाही' असे काठावरून सांगणाऱ्या मित्राची यापुढे कोणी टिंगल करायची नाही.