आर स्लो चालतंय म्हणून नवा लॅपटॉप घेऊ नका



या आठवड्याच्या व्हिडिओत कोड स्क्रीनवर दाखवलाय, तो इथे परत उतरवत नाही. इथे त्यामागचं माझं मत लिहितो, कारण व्हिडिओत घाईघाईत सांगितलेलं अर्धं डोक्यावरून जातं. मत असं की, तुमचा आरमधला रिपोर्ट पाऊण तास, तासभर चालत असेल, तर बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो. कामाची ऑर्डर कशी दिलीय, त्यात असतो. ती पद्धत बदलायला पैसे लागत नाहीत. नव्या लॅपटॉपला साठ-सत्तर हजार लागतात, आणि रिपोर्ट तरीही रांगतच राहतो.

काही जण म्हणतील, सर, हे धंदेवाल्यांचं चॅनल, इथे प्रोग्रॅमिंग कशाला? सांगतो. सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यांत आता बिलांचा डेटा साठलाय. डिझाईन, साईज, रंग, गिऱ्हाईक, गाव, दर, नग, तारीख. तीन-चार वर्षांचं सगळं एकत्र केलं की एक्सेल हात वर करतं, कारण तिथे एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींच्या पुढे जागाच नाही, आणि त्याच्या बरंच आधी फाईल उघडताना चहा पिऊन यायची वेळ येते. मग कुणीतरी बीएस्सी स्टॅटिस्टिक्स केलेला मुलगा किंवा मुलगी अर्धवेळ ठेवतात. त्यांना कॉलेजात आर शिकवलेलं असतं, आणि आर फुकट आहे. इथपर्यंत सगळं छान. मग मालक म्हणतो, "रिपोर्ट कुठंय?" आणि उत्तर येतं, "साहेब, चालू आहे अजून."

आता हे का होतं, ते समजून घ्या. आर बनवलं रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी, न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. पहिली पक्की आवृत्ती, १.०.०, आली २९ फेब्रुवारी २००० ला. पण त्याची मुळं आणखी जुनी, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९७६ पासून घडलेल्या एस नावाच्या भाषेत. त्या भाषेमागची कल्पना अशी होती की जड आकडेमोड आत फोर्ट्रानमधल्या तयार रूटीननी करायची, आणि संख्याशास्त्रज्ञानं वरून सोप्या शब्दांत हुकूम द्यायचा. आर आजही तसंच आहे. आतली बेरीज-गुणाकार-सॉर्टिंग सी आणि फोर्ट्रानमध्ये, वेगात. वरचा हुकूम घेणारा भाग मात्र सावकाश, कारण तो प्रत्येक हुकुमाला विचारतो: हा आकडा आहे का मजकूर, कुठलं फंक्शन लावू, उत्तर ठेवायला जागा कुठे?

आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक हुकुमाला एक चलान फाडावं लागतं. पाच लाख टॉवेल पाठवायचेत आणि तुम्ही प्रत्येक टॉवेलला वेगळं चलान फाडताय, तर टेम्पो कितीही नवा घ्या, माल दारातच पडून राहणार. सगळ्या मालाला एक चलान फाडा. आरमध्ये याला व्हेक्टर पद्धत म्हणतात: दराचा पूर्ण कॉलम गुणिले नगांचा पूर्ण कॉलम, एका ओळीत, एकाच हुकुमात. तेच काम लूप लावून ओळ क्रमांक एक, ओळ क्रमांक दोन असं केलं, आणि तेही थेट डेटा फ्रेममध्ये हात घालून, तर प्रत्येक ओळीला अख्ख्या डेटा फ्रेमची तपासणी होते.

इथे एक गैरसमज खोडतो. "लूप वाईट, अप्लाय चांगलं" हे पाठ केलेलं वाक्य बरेच जण ऐकवतात. अप्लायच्या पोटात लूपच आहे हो. वर तुमचा टेबल मजकूर आणि आकडे असा मिश्र असेल, तर अप्लाय आधी त्याचं मॅट्रिक्स करतं आणि सगळे आकडे मजकूर होऊन बसतात. शिवाय एप्रिल २०१७ च्या ३.४.० आवृत्तीपासून आर तुमचा लूप आपोआप बाइट-कोडमध्ये बदलून चालवतं, त्यामुळे साधा, नीट लिहिलेला लूप जुन्या पुस्तकांत म्हटलंय तितका वाईट राहिलेला नाही. कॉलम आधी बाहेर काढून घ्या, उत्तरासाठी तितक्याच लांबीची रिकामी जागा आधी तयार ठेवा, मग लूप लावलात तरी मी काही बोलणार नाही.

ती "रिकामी जागा आधी" ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार हाच आहे. रिकाम्या टेबलापासून सुरुवात, आणि लूपमध्ये दर वेळी आरबाइंड करून एक ओळ खाली चिकटवायची. दिसायला निरुपद्रवी. पण आर जुन्या टेबलाला शेपूट जोडत नाही, ते दर वेळी नवा टेबल बनवून जुना सगळा त्यात उतरवतं. म्हणजे एक टॉवेल आला की मोठं गोदाम भाड्यानं घ्यायचं, सगळा माल तिकडे हलवायचा, दुसरा टॉवेल आला की पुन्हा नवं गोदाम. हिशोब करून बघा: १ लाख ओळी, दर वेळी सरासरी ५० हजार जुन्या ओळींची उचल. एका कॉलममागे ५०० कोटी आकडे हलले. एक आकडा ८ बाइटचा, म्हणजे सुमारे ४० जीबीची ने-आण, आणि ती सुद्धा एकाच कॉलमची. हाती काय आलं? १ लाख आकडे, ८ लाख बाइट, एक एमबीसुद्धा नाही. उपाय अगदी साधा आहे. तुकडे एका लिस्टमध्ये ठेवत जा आणि शेवटी एकदाच जोडा.

दुसरा प्रकार गटवार बेरजेचा. समजा ४०० दुकानदार आणि १२ महिने. मुलगा लिहितो: प्रत्येक दुकानदारासाठी, प्रत्येक महिन्यासाठी, टेबल गाळून बेरीज कर. म्हणजे ४,८०० वेळा ५ लाख ओळी वरपासून खालपर्यंत वाचायच्या, २४० कोटी ओळी नुसत्या बघण्यात गेल्या. तेच काम ॲग्रिगेट किंवा टी-अप्लायला एकदाच सांगता येतं. मोठ्या डेटाला मी डेटा डॉट टेबल हे पॅकेज वापरा म्हणतो, मॅट डाऊल यांनी सुरू केलेलं. त्याची सॉर्ट करायची पद्धत इतकी चांगली निघाली की २०१६ च्या ३.३.० आवृत्तीत ती आरनं स्वतःतच घेतली. त्यातलं एफरीड फाईल वाचायला वापरा, फरक तुम्हालाच कळेल.

पण थांबा. हे वाचून लगेच कोड बदलायला बसू नका. आधी मोजा. वेळ कुठे जातोय याचा आपला अंदाज सहसा चुकतो. सगळ्यांचा संशय फोरकास्टच्या अवघड सूत्रावर असतो, आणि वेळ जात असतो तीच फाईल लूपच्या आत परत परत वाचण्यात. सिस्टम डॉट टाइम तीन आकडे देतं: यूजर, सिस्टम आणि इलॅप्स्ड. इलॅप्स्ड हा घड्याळातला वेळ. तो पहिल्या दोघांच्या बेरजेपेक्षा खूप जास्त असेल, तर कॉम्प्युटर काम करत नाहीये, वाट बघत बसलाय. पेन ड्राईव्हची, नेटवर्कवरच्या फाईलची, नाहीतर ऑफिसातल्या टॅली-बिलिंगच्या मशीनची. तिथे कोड घासून काय उपयोग? फाईल आपल्या मशीनवर आणा, संपलं. आकडे जवळपास सारखे असतील तर आर-प्रॉफ चालवा. ते दर ०.०२ सेकंदाला डोकावून नोंद करतं की आत्ता कुठलं फंक्शन चालू आहे. शेवटी यादी मिळते, कुणी किती वेळ खाल्ला त्याची. यादीतल्या पहिल्या नावावर काम करा, बाकीच्यांकडे बघूही नका.

आता लॅपटॉपवाल्यांसाठी. दुकानदार आठ कोर, दहा कोर सांगतो. साधा आर कोड एका वेळी एकच कोर वापरतो. बाकीचे कोर बसून राहतात, मागावर एक कामगार आणि नऊ जण बघणारे. कामाची वाटणी मुद्दाम करून द्यावी लागते, किंवा डेटा डॉट टेबलसारखं पॅकेज ती आतून करतं. मेमरीचं म्हणाल तर १० लाख ओळी, १० आकड्यांचे कॉलम, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ८ कोटी बाइट, साधारण ८० एमबी. मधल्या कॉप्या धरून पाच-सहापट करा, तरी ८ जीबीत आरामात बसतं. हां, मशीन ४ जीबीचं असेल, जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर रॅम वाढवा, एसएसडी टाका, मी अडवणार नाही. तेवढा खर्च योग्य आहे, आणि तो नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी कमी.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो फालतू नाही. "सर, रिपोर्ट महिन्यातून एकदा लागतो. रात्री लावून घरी जातो, सकाळी तयार. घाई कशाला?" ज्याला फक्त ठरलेला रिपोर्ट छापायचाय त्याच्यासाठी हे बरोबर आहे. तसं असेल तर खुशाल रात्री लावा.

पण आपल्याकडे डेटा कशासाठी लागतो? हिवाळ्याच्या आणि दिवाळीच्या मालासाठी सूत कधी घ्यायचं, कुठलं डिझाईन किती मागांवर लावायचं, यासाठी. एकदा बीम चढला, जॅकार्डला डिझाईन लागलं की ते सहज मागे घेता येत नाही. चुकीच्या डिझाईनचा माल गोदामात थप्पी लावून बसतो, पैसा त्यात अडकतो, मग माग थांबतात आणि पहिला फटका बसतो तो नगावर मजुरी घेणाऱ्या विणकराच्या घरात. हा निर्णय एका रिपोर्टवर होत नाही. मालक आकडा बघून म्हणतो, "लग्नसराई सोडून बघ की." मग, "कर्नाटकातली गिऱ्हाईकं वेगळी काढ." मग, "परत आलेला माल वजा केलास का?" हा चौथा-पाचवा प्रश्न खरा धंद्याचा असतो. रिपोर्टला पाऊण तास लागत असेल, तर दुसऱ्याच प्रश्नाला "उद्या देतो साहेब" असं उत्तर येतं, आणि तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. दहा सेकंदांत उत्तर आलं, तर मालक खुर्ची ओढून त्या मुलाशेजारी बसतो. स्पीडची किंमत मी यात मोजतो, वाचलेल्या मिनिटांत नाही.

म्हणूनच दोन मिनिटं लागणारा मासिक रिपोर्ट पाच सेकंदांवर आणायला चार दिवस घालवणाऱ्या पोरांवर मी रागावतो. चार दिवसांचा पगार मालक देतोय. तसंच आरसीपीपीचं. डर्क एडलबटेल आणि रोमॅं फ्रांस्वा यांनी हे पॅकेज फार उपयोगी करून ठेवलंय, आरच्या आतून सी प्लस प्लस चालवता येतं, काही कामांना दुसरा इलाजच नाही. पण विक्रीच्या डेटाला त्याची गरज मी अजून फारशी पाहिली नाही. आणि आपली सोलापूरची खरी अडचण वेगळी आहे: मुलगा हुशार निघाला की दोन वर्षांत पुण्याला जातो. त्याच्या मागे आलेल्या मुलीला तो कोड वाचता आला पाहिजे. दोन मिनिटांचा, पण समजणारा कोड मला पाच सेकंदांच्या कोड्यापेक्षा परवडतो.

शिकायचं असेल तर पुण्याच्या सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचं 'स्टॅटिस्टिक्स युजिंग आर' हे इंग्रजी पुस्तक आहे, बीएस्सीच्या मुलांना झेपेल असं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर आरचे धडे फुकट आहेत.

आणि कोड बदललात की जुना लगेच पुसू नका. एका महिन्याचा डेटा घेऊन जुना आणि नवा दोन्ही चालवा, आणि दोन्ही उत्तरं ऑल-डॉट-इक्वलनं ताडून बघा. आयडेंटिकल वापरू नका, कारण बेरजेचा क्रम बदलला की दशांशाच्या अगदी शेवटच्या घरात फरक पडू शकतो आणि तो उगाच चूक म्हणून दाखवला जाईल. रुपयाचा फरक आला तर मात्र नवा कोड बाजूला ठेवा आणि कारण सापडेपर्यंत जुन्यावरच रिपोर्ट काढा, पाऊण तास लागला तरी.