सात लाखांतले एक लाख

गुणाढ्याने सात वर्षे खपून सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. अरण्यात शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने, आणि भाषा पैशाची. शिष्य ती पोथी सातवाहन राजाकडे घेऊन गेले. राजाने नाक मुरडले. पिशाचांची नीरस भाषा, रक्ताची अक्षरे, धिक्कार असो असल्या कथेचा! मग गुणाढ्याने डोंगरावर अग्निकुंड पेटवले आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तो आगीत टाकू लागला. हरणे, रानडुकरे, रेडे चरायचे सोडून, डोळ्यांत पाणी आणून त्याच्याभोवती उभे राहिले. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केले, सुकलेल्या मांसाचा दोष. आचाऱ्यांना विचारले, त्यांनी व्याधांकडे बोट दाखवले. व्याध म्हणाले, रानातली जनावरे कथा ऐकत बसली आहेत, खातच नाहीत. राजा धावत गेला, तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती.

काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागराच्या आरंभीच ही हकिकत घातली आहे. तिच्यातला गुणाढ्य मूळचा प्रतिष्ठान प्रदेशातला, म्हणजे आपल्या पैठणकडचा. ती सांगताना बहुतेक जण राजाच्या अरसिकपणापाशी थांबतात. मला मात्र उरलेल्या एक लाखाचे जास्त अप्रूप वाटते. तो भाग नरवाहनदत्ताचा, विद्याधरांचा चक्रवर्ती होणाऱ्या नायकाचा. गुणदेव आणि नंदिदेव या दोन शिष्यांना तो फार आवडायचा, म्हणून गुणाढ्याने तेवढा त्यांच्यासाठी राखून ठेवला. दरबाराने नाकारलेली कथा टिकली ती दोन चाहत्यांच्या आवडीमुळे.

यंदाचा आपला अंक अद्भुतकथा आणि तिचे नायक यांना वाहिलेला आहे. हा विषय ठरला तेव्हा, मोठ्या माणसांच्या अंकात राक्षस-राजपुत्र कशाला, असे काही हितचिंतकांनी विचारले. माझे उत्तर असे की अद्भुतकथेच्या वाचकाइतका हिशेबी वाचक दुसरा नसतो. घोडा उडतो हे तो एका दमात मान्य करतो. पण उडणाऱ्या घोड्याने मालकाशी दगाबाजी केली, तर जाब विचारल्याशिवाय राहत नाही.

'चांदोबा' हे मुलांचे मासिक मराठीत १९५२ साली आले. त्यातली विक्रम-वेताळाची गोष्ट आणि शंकर यांनी काढलेले ते चित्र आठवा. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, आणि चालत निघालेला राजा. गोष्ट संपत आली की वेताळ प्रश्न टाकायचा. उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील. इथे किती घरांत वाचन थांबायचे! राजाच्या आधी उत्तर कोण देतो यावर भावंडांची जुंपायची आणि राजाचे उत्तर पटले नाही तर भांडण जेवणाच्या पानापर्यंत जायचे. खरा न्यायी कोण, मोठा त्याग कुणाचा, हे प्रश्न पुष्कळांनी आयुष्यात पहिल्यांदा इथेच सोडवले. वेताळाला मुकाट श्रोता चालत नसे, आणि ही अट मला फार मोलाची वाटते.

वाचकांचे बोलणे मनावर घेणारा थोर लेखक पाहायचा तर स्पेनच्या सर्व्हान्तेसकडे जावे. 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ साली आला. वीरकथा वाचवाचून स्वतःच वीर व्हायला निघालेल्या गृहस्थाची ती गोष्ट. त्यात सान्चोचे गाढव चोरीला जाते आणि पुढे काही खुलासा न होता तो पुन्हा त्याच गाढवावर बसलेला दिसतो. वाचकांनी हे बरोबर पकडले. १६१५च्या दुसऱ्या भागात सर्व्हान्तेसने ती तक्रार कथेतच आणली. एक विद्यार्थी येऊन किहोते आणि सान्चोला सांगतो की तुमच्यावरचे पुस्तक लोक वाचताहेत आणि गाढवाबद्दल विचारताहेत. बिचाऱ्या सान्चोला खुलासा करावा लागतो! दरम्यान १६१४ साली कुणीतरी टोपणनावाने खोटाच दुसरा भाग छापला होता. त्यात किहोते सारागोसाला जातो, हे कळल्यावर खऱ्या किहोतेने सारागोसाची वाट सोडून बार्सिलोना गाठले.

गेल्या दिवाळीत आपण एका राजपुत्राची गोष्ट छापली होती. त्यात राक्षस पाण्यावाचून मरावा म्हणून राजपुत्र त्याची विहीर बुजवतो. आठवीतल्या एका मुलीचे पत्र आले. वहीचे फाडलेले पान, दोन्ही बाजूंनी भरलेले. राक्षस वाईट होता हे मान्य, पण त्या विहिरीवर गावातल्या बायकाही पाणी भरत होत्या, मग त्यांनी कुठे जायचे? राजपुत्राला हे कुणी विचारले का नाही? ते पत्र आम्ही लेखिकेला पाठवले. तिने त्याच गावाची दुसरी गोष्ट लिहिली आहे; बुजवलेली विहीर उकरणाऱ्या बायकांची. या अंकात ती पहिलीच आहे आणि तिच्याआधी ते पत्र, मुलीच्या आणि तिच्या पालकांच्या परवानगीने, नाव न घालता छापले आहे.

या खेपेला प्रतिसादासाठी अंकाच्या शेवटी एक कोरे पान मुद्दाम ठेवले आहे. कातरून पाठवा. कौतुक असेल तर आनंदच आहे, पण एखाद्या नायकाचे वागणे पटले नसेल तर आधी ते लिहा. घरातली लहान मुले सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, शुद्धलेखन आम्ही पाहू. पत्रे लेखकांपर्यंत पोचवण्याचे काम आमचे.



— संपादक