मुक्याची पारख

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला-मंगळवेढ्याच्या माळांवर मेंढरांचे कळप चरताना दिसतात. कळपाबरोबर धनगर असतो आणि बहुधा धनगराबरोबर त्याचा कुत्रा. या भागात कारवान नावाची जात फार दिवसांपासून जोपासली गेली आहे. निमुळते तोंड, खोल छाती, सडपातळ अंग अशी तिची ठेवण. कर्नाटकात तिलाच मुधोळ म्हणतात; 2005 साली तिचे चित्र भारतीय टपाल तिकिटावर झळकले. हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर अधिक विसंबतो. दूरच्या गवतात काही हलले की त्याची मान ताठ होते. धन्याला ते दिसायला अद्याप अवकाश असतो.

अशा वेळी लोक म्हणतात, 'कुत्र्याला पुढचे कळते.' धनी घरी पोहोचण्यापूर्वीच कुत्रा दारात जाऊन उभा राहिला, की त्याच्या अंगी काही दैवी शक्ती असावी असे पुष्कळांना वाटते. या समजुतीने कुत्र्याची थोरवी वाढत नाही. उलट त्याच्या कष्टांवर पाणी पडते. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी सुमारे 50 ते 60 लाख असतात. कुत्र्यांच्या काही जातींत त्या 20 कोटींहून अधिक. मार्च 1993 मध्ये मुंबईत बाँबस्फोट झाले, त्या वेळी पोलिसांच्या जंजीर नावाच्या कुत्र्याने दडवलेली स्फोटके हुंगून काढली. ती दैवी शक्ती नव्हे, शिकवलेले नाक होय. दारात उभा राहणारा कुत्राही असाच सायकलीची कुरकुर, पावलांची लय आणि रोजची वेळ यांचा मेळ घालीत असतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरी हान्स नावाचा घोडा खुराचे ठोके देऊन गणिते सोडवी. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी त्याचे रहस्य उलगडून दाखविले. घोड्याला गणित मुळीच येत नव्हते! बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याच्या डोक्याची किंचित हालचाल होई, तेवढी तो टिपी. गणितापेक्षा हेच अधिक नवलाचे नव्हे काय? माणसाने बोटाने दाखविलेल्या भांड्यातला खाऊ शोधण्यात कुत्रे चिंपांझींनाही मागे टाकतात, असे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले.

हा व्यवहार मात्र एकतर्फी आहे. कुत्रा माणसाला रात्रंदिवस वाचतो. माणूस त्याला वाचण्याची तसदी घेत नाही. भ्यालेला कुत्रा कान मागे पाडतो, शेपूट पायांत घालतो, नजर चुकवतो आणि शेवटी गुरगुरतो. इतके सांगूनही कोणी त्याच्या अंगाशी गेला आणि दात लागले, म्हणजे दोष कुत्र्याचा! शेपूट हलली की स्वारी खूष, हेही नेहमी खरे नसते. ताठ उभारलेली शेपूट तुटक झटके देत असेल, तर दूर राहणेच बरे. धनगरांची पोरे हे लहानपणीच शिकतात. कुत्रा भाकरी खात असता ती त्याच्या जवळ फिरकत नाहीत. खाणे आटोपले की तोच आपण होऊन त्यांच्याशेजारी येऊन बसतो.